मधली चकती

गिऱ्हाईक मासा केवढा धरायचाय ते सांगायला दोन्ही हात पसरू लागलं, की ताई मनातल्या मनात त्यातला अर्धा मासा कापून टाकायची. उरलेल्या अर्ध्याला पुरेल एवढं रीळ काढून काचेवर ठेवायची. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जन्म गेलेल्या माणसाला एवढं कळतंच. माशाच्या बाबतीत खरं बोलायला कोणी दुकानात येत नाही.

दुकान बंदराच्या रस्त्यावर होतं. बोळासारखं अरुंद, एका बाजूला काचेचं कपाट, दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकून उभ्या केलेल्या दांड्या, आणि सगळीकडे रबर आणि तेल यांचा मिसळलेला वास. तो वास ताईच्या ओढणीलाही कायम चिकटलेला असे. दारातून समोरच बंदराचा दगडी बांध दिसायचा, आणि त्यावर एका रांगेत बसलेली, समुद्राकडे तोंड करून बायकोपासून पळालेली माणसं.

"चार हजारचं रीळ दाखवा," असं कोणी नवखा म्हणाला, की ताई विचारायची, "कुठला मासा?"

"माशाचं नंतर बघू हो. चार हजार म्हणजे जरा जास्तच होतात. काही कमी करा."

"तो भाव नाही दादा, माप आहे. चपलेला नंबर असतो ना, तसं."

"मग भाव?"

"तो ऐकवेन हळूहळू. आधी माप तर घ्या."

मग ती सगळं समजावून सांगायची, शाळेत बाई सांगतात तशी, पण हातात वस्तू देऊन. धक्क्याच्या भिंतीशी बोय आणि बांगडे धरायचे तर हजाराचं छोटं रीळ, फार तर त्याच्या वरचं. दोरी बारीक, ब्रेक हलका, नाहीतर माशाचा ओठ फाटून गळ रिकामा हातात येतो. बांधावरून थोडा लांब गळ फेकायचा तर अडीच हजार. घरात जशी एक मधली कढई असते, सगळ्याला चालणारी, तसं ते. शिंगाळा धरायचा असेल, किंवा दगडांच्या सांदीतली तांबोशी, तर चार हजार. कारण तांबोशी लागली की थेट कपारीत घुसते, तिला तिथल्या तिथे रोखायला ब्रेक जबर लागतो. आणि होडीतून खोल पाण्यात जाणाऱ्यांसाठी त्याच्याही पुढची, नारळाएवढी रिळं. "लहान माशाला मोठं रीळ लावलंत तर मासा लागलेला कळणारही नाही, नुसता हात दुखेल," ती म्हणायची. "मोठ्याला लहान लावलंत तर कळेल, पण कळून उपयोग नाही."

शेवटी रीळ दांडीला बसवून ती दांडी गिऱ्हाइकाच्या एका बोटावर आडवी ठेवायची. टोक खाली गेलं तर रीळ हलकं, मूठ खाली गेली तर जड. समतोल राहिली तरच विकायची. नाही राहिली तर विकायची नाही, गिऱ्हाईक रुसून गेलं तरी चालेल.

हे सगळं अण्णांचं. अण्णा म्हणजे ताईचे वडील, दुकान त्यांनीच थाटलेलं. आधी मासा विचारायचा, मग मनगट बघायचं, मग रीळ काढायचं, हा त्यांचा शिरस्ता. "आपण रीळ विकत नाही चिंगळे," ते म्हणायचे. चिंगळी म्हणजे एवढीशी कोळंबी. ताई लहानपणी तशीच होती, अंगाने लाल आणि सारखी उड्या मारणारी. "आपण माणसाला त्याच्या हातात काय झेपेल ते सांगतो. म्हणून आधी त्याला विचारायचं. न विचारता माप घेतो तो शिंपी नव्हे."

हे ऐकून त्यांचे मित्र टेलरकाका, जे खरोखरच आयुष्यभर कपडे बेतत आले होते, म्हणायचे, "शिंप्याचं नाव मधे घ्यायचं नाही. मी तुझं माप न घेताही सांगतो, तुझं पोट सुटलंय."

तर अशा अण्णांना दुखणं झालं, आणि त्यात उजवा हात लुळा पडला. हळूहळू बराच सुधारला. पण बोटांच्या टोकांना काही कळेनासं झालं. पेला धरलाय की नाही ते डोळ्यांनी बघून ठरवावं लागे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला कुठलं काम हाताने करायला आवडतं?" अण्णांनी हवेतच रिळाची मूठ फिरवून दाखवली. ते दांडी डाव्या हातात धरत आणि मूठ उजव्याने फिरवत. बाई म्हणाल्या, "मग तेच करा. माझ्या रबरी चेंडूपेक्षा ते बरं."

अण्णा हरखले. आईला मात्र धडकी भरली. बांधावरचे दगड ओले, शेवाळलेले. आधीच यांचा तोल कसाबसा, त्यात एखादा दांडगा मासा लागला तर सोडतील का हे? त्याच्या मागे पाण्यात जातील, पण दांडी सोडणार नाहीत. आईने हे सगळं ताईला दुकानात येऊन, गिऱ्हाईक गेल्यावर, दबक्या आवाजात सांगितलं.

"तू काहीतरी कर गं. तुझं ऐकतात ते."

"ऐकतात कुठे? तू सांगून बघ."

"मी सांगितलं. म्हणाले, तू कांदे चीर." आईने डोळ्यांना पदर लावला. "मोठा मासा त्यांच्या हाती लागूच नये असं काही करता येत नाही का?"

करता येत होतं. हीच तर पंचाईत होती. ताईच्या जागी दुसरी कोणी असती तर तिला आलं नसतं.

रिळाच्या ज्या भागावर दोरी गुंडाळतात त्या फिरकीच्या पोटात ब्रेकच्या चकत्या असतात, एकावर एक रचलेल्या, धातूची, मग जाड लोकरी, मग पुन्हा धातूची. पुढची गुंडी आवळली की त्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दोरी सुटायची थांबते. अण्णांनी आपलं जुनं चार हजारी रीळ साफ करायला दिलं होतं. ताईने ते उघडलं, सगळ्या चकत्या पुसल्या, आणि मधली जाड चकती काढून तिच्या जागी एक झिजलेली पातळ चकती, तेलाचा थेंब टाकून, बसवली. आता गुंडी कितीही आवळली तरी ब्रेक लागणार नव्हता. बांगडे, बोय आरामात आले असते. मोठा मासा लागलाच, तर दोरी घेऊन निघून गेला असता, आणि अण्णा दगडावर सुखरूप राहिले असते. काढलेली चकती तिने गळांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात टाकली.

त्यांनाच लहान रीळ घ्या म्हणाली असती तर? तर ते म्हणाले असते, कुठला मासा ते मी ठरवीन. वाद झाला असता. वाद टाळण्यासाठी तिने माणसालाच टाळलं. तेव्हा तिला हे शहाणपण वाटलं.

अण्णांनी रीळ हातात घेतलं. सवयीने गुंडी आवळली, उजव्या हाताने दोरी ओढून बघितली. पुन्हा ओढली. त्यांच्या चेहऱ्यावर एक अवघडलेलं हसू आलं. ताईने ते त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"मला नीट कळत नाही गं आता बोटांना. तूच सांग, बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर," ताई म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तिने उगाच काच पुसायला घेतली.

पुढचे दिवस चांगले गेले. अण्णा बांधावर बसत, बोय आणत, आई खरवडून खवले काढता काढता कुरकुरत असे. हाताला जोर येत होता. शर्टाच्या गुंड्या ते स्वतः लावू लागले, एखादी वरखाली होई एवढंच.

आणि मग तांबोशी लागली.

ताईला आधी कळलं ते आवाजावरून. बांधावरून टेलरकाकांची आरोळी आली, "अरे धर! धर!" आणि त्यामागून रिळाचा कर्रर्र असा लांबलचक आवाज. ती दारात आली. अण्णा उभे होते, दांडी धनुष्यासारखी वाकलेली. सगळी रांग उठून त्यांच्याभोवती जमली होती. उजव्या हाताने ते पुढची गुंडी आवळत होते. आवळत होते, आवळत होते, आणि रीळ गातच होतं. गुंडी शेवटपर्यंत आवळलेल्या रिळाने असं गायचं नसतं. हे त्या सगळ्या रस्त्यावर एकट्या ताईला कळत होतं.

पाण्यावर लाल पाठ एकदा उलटली. एवढी मोठी, की कोणीही हात पसरून सांगितली तरी खोटी ठरली नसती. मग ती कपारीकडे वळली. दोरी दगडावर घासली आणि तुटली. दांडी एकदम सरळ झाली.

अण्णा पडले नाहीत. घसरलेसुद्धा नाहीत. पाय घट्ट रोवून उभे होते. टेलरकाका काहीतरी बोलत होते, कोणी पाठीवर थाप मारत होतं. अण्णा फक्त आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, दुसऱ्या कोणाचा तरी हात चुकून आपल्याला जोडला गेलाय तसे.

"हात गेला माझा," दुकानात येऊन ते म्हणाले. "गुंडी आवळायची ताकद राहिली नाही. मला वाटत होतं येतेय. ते नुसतं वाटणंच."

ताईने तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी दांडी डाव्या काखेत मारली आणि ते घरी निघाले. उजवा हात त्यांनी खिशात घातला होता.

तो हात मग खिशातच राहिला. घरी चमचा डाव्या हातात आला. गुंड्या लावायला आईला हाक जाऊ लागली. व्यायामाच्या बाई आल्या की अण्णा झोपल्याचं सोंग घ्यायचे. बाईंनी जाताना आईला सांगितलं, वापरला नाही तर हात आहे तोही जाईल. आई पहिल्यांदा म्हणाली होती, "चला, मोठं संकट टळलं, घरात तरी बसतील." आता घरात बसलेल्या अण्णांना बघून तीच म्हणू लागली, "दोन तास बाहेर जा की कुठे. तोंड उतरलंय नुसतं."

ताईचं कशात लक्ष लागेना. वडिलांसाठी रीळ घ्यायला एक मुलगा आला. चांगला मोठा, कामाधामाचा बाप्या. म्हणाला, "कुठलंही छोटंसं द्या. त्यांना काय मोठा मासा धरायचाय आता." ताईने छोटंसं काढून दिलं. ना मासा विचारला, ना दांडी बोटावर ठेवायला लावली. तो गेल्यावर ती कितीतरी वेळ बंद खणाकडे बघत राहिली. सांगावं, असं रोज सकाळी ठरायचं. दुपारपर्यंत जीभ टाळ्याला चिकटायची. सांगितलं तर ते विचारतील, मी तुला विचारलं तेव्हा काय म्हणालीस? आणि 'अगदी बरोबर' हे दोन शब्द तिला पुन्हा तोंडातून काढावे लागतील.

एका सकाळी टेलरकाका दुकानात आले. त्यांनी पिशवीतून काढून काचेवर जे ठेवलं ते ताईने लांबूनच ओळखलं. अण्णांचं रीळ.

"मला दिलं त्याने," टेलरकाका म्हणाले. नेहमीची चेष्टा आवाजात नव्हती. "नको नको म्हटलं तरी ऐकेना. म्हणाला, रीळ चांगलं आहे, हात चांगला हवा. जरा तपासून दे बाई. ती लाल बया पुन्हा दिसतेय त्या कपारीशी."

"ठेवून जा काका. दुपारनंतर या."

ते गेल्यावर ताईने फिरकी काढली. पातळ चकती तिथेच होती, तेलाने चकचकीत. खालचा खण उघडला. जाड चकतीही तिथेच होती. अदलाबदल करायला चहा निवण्याइतकासुद्धा वेळ लागला नसता. सगळं पुसून निघालं असतं, कोणाला कधी कळलं नसतं. टेलरकाका हे रीळ घेऊन बांधावर बसले असते. गुंडी आवळली असती, ब्रेक लागला असता, तांबोशी वर आली असती. आणि अण्णांनी ते ऐकलं असतं. तेच रीळ, तोच मासा, फक्त हात दुसरा. मग तो हात खिशातून कोणालाच बाहेर काढता आला नसता.

ताईने चकती जागेवर बसवली नाही. दोन्ही चकत्या आणि उघडं रीळ रुमालात बांधलं, दुकानाचं दार ओढलं, आणि भर धंद्याच्या वेळी घरी गेली.

आई बटाटे सोलत होती. अण्णा खिडकीशी खुर्चीत. ताईने त्यांच्यासमोर स्टुलावर रुमाल सोडला.

"हे मी केलं अण्णा. तुमचा हात नव्हता. मी ही काढली आणि ही घातली."

अण्णांनी आधी पातळ चकती उचलली, डाव्या हाताने. उजेडात धरली. मग जाड. फिरकीच्या पोटात डोकावले. त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती, हे त्यातलं सगळ्यात वाईट होतं.

"मधली," ते म्हणाले.

"हो."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"काय म्हणालीस?"

"अगदी बरोबर म्हणाले."

आई सुरी ठेवून उठली. "मी सांगितलं होतं तिला. मला भीती वाटत होती, म्हणून मी म्हटलं."

"तू बोललीस," अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले. "केलं हिने."

नळ ठिबकत होता तो आईने बंद केला. शेवटी अण्णांनी उजवा हात खिशातून काढला आणि जाड चकती उचलायला गेले. ती सटकली. पुन्हा धरली, पुन्हा सटकली. ताई नकळत पुढे झाली.

"हात लावायचा नाही."

ती मागे सरली. चकती त्यांच्याकडून खाली पडली, त्यांनी वाकून उचलली. फिरकीच्या तोंडाशी नेली, वाकडी बसली, काढली. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. ताईला तोंड फिरवायचा हक्क नव्हता, म्हणून ती बघत राहिली. केव्हातरी चकती बसली. गुंडी लागली. अण्णांनी कोपऱ्यातली दांडी मागितली, रीळ चढवलं, दोरी ओवून टोक ताईपुढे केलं.

"हो मासा," ते म्हणाले.

लहानपणी ब्रेक लावताना ते तिला हेच सांगायचे. ती दोरीचं टोक मुठीत घेऊन खोलीभर, अंगणभर पळायची, आणि ते रीळ धरून हसत असायचे. आता ती दोरी हाताला गुंडाळून दाराकडे निघाली. अण्णांनी गुंडी आवळली. दोरी ताणली गेली आणि थांबली. ती आणखी ओढायला लागली. दोरी तळहातात रुतली. अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले होते, पाय रोवून. दांडी वाकली, पण रीळ गायलं नाही.

"ओढ. जोरात ओढ."

तिने अंगात होता नव्हता तो जोर लावला. रडतही होती, पण ते ओढण्यात खपून गेलं. दोरी तसूभर सुटली नाही.

"बस," अण्णा म्हणाले. आपल्या उजव्या हाताकडे त्यांनी बघितलं. "आहे अजून." मग रीळ काढून तिच्या हातात दिलं. "टेलरला दे. दिलेली वस्तू मी परत घेत नाही. आणि यापुढे माझ्या सामानाला तू हात लावायचा नाहीस."

टेलरकाका ते घेऊन गेले, आणि तांबोशीने त्यांनाही हुलकावणी दिली. बांधावर अण्णांनी काय सांगितलं ते ताईला काकांकडूनच कळलं. "चकती झिजली होती म्हणे! आधी बोलला नाही लेकाचा, मला वाटलं खरंच हात गेला त्याचा. तुझ्या लक्षात कसं आलं नाही गं?"

"नाही आलं काका," ताई म्हणाली. अण्णांनी तिला झाकलं होतं. घरी ते तिच्याशी चहा दे, दार लाव, एवढंच बोलत होते. आणि बाहेर तिच्यासाठी खोटं बोलत होते. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग एकदा दुकानात गर्दी असताना अण्णा आले. आत आले नाहीत. काचेच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या मागे उभे राहिले, आपली पाळी येईपर्यंत. स्वतःच्याच दुकानात ते असे कधी उभे राहिले नव्हते. पाळी आली.

"रीळ दाखवा," ते म्हणाले. 'दाखव' नाही. 'दाखवा'.

तिने काचेच्या कडेला दोन्ही हात टेकले. "कुठला मासा?"

"तांबोशी."

तिने चार हजारी नवं रीळ काढलं. त्याच्या शेजारी, जरा घुटमळून, तीन हजारी ठेवलं. आणि अडीच हजारीही ठेवलं. अण्णांनी एकेक उचललं. मोठ्याची मूठ फिरवली. फेरा मोठा, खांद्यापासून हात हलत होता, आणि थोड्याच वेळात तो थरथरू लागला. त्यांनी ते शांतपणे बाजूला ठेवलं. तीन हजारी घेतलं. याचा फेरा मनगटातल्या मनगटात होत होता. गुंडी आवळून त्यांनी रिकामी फिरकी डाव्या हाताने फिरवून बघितली, समाधान होईपर्यंत. ब्रेक भक्कम होता. बरोबर आणलेल्या दांडीला बसवून एका बोटावर ठेवलं. दांडी जराशी डुलली आणि थांबली.

"चार हजार आता मला जड होतं," ते म्हणाले. "दुखण्यानंतर पहिल्या दिवसापासूनच होत होतं. मनात होतं, कोणी विचारलं तर सांगू."

एवढं बोलून त्यांनी खिशात हात घातला, उजवा, आणि नोटा काढून काचेवर ठेवल्या. ताईने त्या मागे सरकवल्या. त्यांनी पुन्हा पुढे सरकवल्या. मागच्या गिऱ्हाइकाने घसा खाकरला, तेव्हा तिला त्या घ्याव्या लागल्या.

"दोरी भरून देऊ?" तिने विचारलं.

"नको. मी भरीन."

रीळ दांडीवरून सोडवून ते बांधाकडे निघाले. एका हातात दांडी, दुसऱ्यात रीळ, उजव्या मुठीत, डोळ्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवून. रस्ता ओलांडेपर्यंत ताई बघत राहिली. मग मागच्या गिऱ्हाइकाने दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "एवढा मासा धरायचाय ताई, कुठलंही द्या."

"कुठलंही नाही देता येत," ती म्हणाली. "हात पुढे करा तुमचा."